ग्रेड मोठा, पण कव्हर तिरकं: छापखान्यातले दोष तुम्हाला चालतात का?

कव्हरवेडा

मंडळी, एक सल्ला हवाय आणि सोबत एक मतही मांडतोय. खुशाल तुटून पडा.

‘इन्क्रेडिबल हल्क’ १८१ घ्यायचं फार दिवसांपासून मनात आहे. नोव्हेंबर १९७४ चा अंक, वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन. (१८० च्या शेवटच्या चौकटीत तो दिसतो, पण मान १८१ ला मिळतो.) दोन प्रती समोर आहेत, दोन्ही सीजीसीच्या (अंकांना दहापैकी ग्रेड देणारी कंपनी) प्लास्टिकच्या डब्यात बंद. एक ९.४, दुसरी ९.०. भावात फरक आहे, पण दोन्ही माझ्या आवाक्यात आहेत.

९.४ ची प्रत हाताळणीच्या बाबतीत झकास. कोपरे टोकदार, कण्यावर एक रेघ नाही, रंगाला चमक. पण कव्हर मुळात बसवतानाच तिरकं बसलंय. मागच्या कव्हरची पांढरी कड कण्यावरून वळून पुढे आलीय. वरच्या टोकाला चांगली चार मिलिमीटर, खाली येईपर्यंत निमुळती होत जेमतेम एक. वरच्या डाव्या कोपऱ्यातली हल्कची छोटी चौकट त्यामुळे उजवीकडे ढकलली गेलीय आणि सगळं चित्र कललंय. ९.० वर कण्यापाशी काही ताणरेघा (घडी ताणली जाऊन पडलेल्या बारीक रेघा) आहेत, खालचा एक कोपरा जरासा बोथट. पण चित्र मधोमध, पिना बरोबर घडीवर.

माझं म्हणणं असं की ग्रेड हा प्रतीने छापखान्याबाहेर पडल्यावर काय सोसलं याचा हिशोब आहे. छापखान्यातून ती कशी बाहेर पडली हे त्यात फार कमी येतं. आणि हातभर अंतरावरून नजरेला आधी दिसतं ते दुसरंच. मला ९.० कडे बघताना आनंद होतो. ९.४ कडे बघताना नजर त्या पांढऱ्या पट्टीवरून हलत नाही. तुम्ही काय कराल?

दहापैकी_दहा

९.४. विचारायचं काय त्यात? उद्या विकायची वेळ आली तर घेणारा आधी आकडा बघतो, मग चित्र.

मृण्मयी_एडिसन

वरच्यांशी साफ असहमत. इथे न्यू जर्सीत दर काही महिन्यांनी कॉमिक्सचे मेळे भरतात, मी नेमाने जाते. टेबलावर एकाच ग्रेडच्या तीन प्रती मांडलेल्या असल्या की लोक हात कुठल्या प्रतीला घालतात ते बघा. मधोमध बसलेली प्रत आधी उचलली जाते, तिरकी मागे राहते. विक्रेतेही हे जाणतात, म्हणून तिरकी प्रत मागच्या ओळीत लावतात.

शाईवाला

माझा छपाई-बाइंडिंगचा धंदा आहे, इचलकरंजीत. कॉमिक्स जमवत नाही, पण हे कसं होतं ते सांगू शकतो.

अशा पुस्तकाला आम्ही सेंटर पिन म्हणतो. आतली पानं वेगळी छापतात, कव्हर वेगळं, जाड आणि गुळगुळीत कागदावर. आतल्या पानांची घडी घातलेला फर्मा मशीनच्या खोगिरावर येतो, वर कव्हर पडतं, पिना बसतात, मग तीन बाजू कापल्या जातात. कव्हरची घडी जिथे पडायला हवी तिथून दोन मिलिमीटर सरकली की पुढच्या कव्हरचं चित्र उजवीकडे जातं, मागच्याची कड डावीकडून पुढे येते. ही सरळ सरकलेली प्रत. कव्हर आत जातानाच वाकडं गेलं तर पट्टी वर जाड, खाली बारीक. कव्हरवेड्यांची प्रत या दुसऱ्या जातीची दिसते.

गंमत पुढे आहे. कटिंग सगळ्यात शेवटी होतं, म्हणजे पाते आधीच सरकलेल्या कव्हरवर पडतं. डावीकडे जेवढी पांढरी कड जास्त दिसते तेवढंच चित्र उजवीकडून कापलं गेलेलं असतं आणि कचऱ्यात गेलेलं असतं. ते परत येत नाही.

कव्हरवेडा

शाईवाले साहेब, अगदी मुद्द्याचं बोललात. मी आत्ता पुन्हा बघितलं. ९.४ वर उजवीकडची अक्षरं कडेला पार टेकली आहेत. ९.० वर तिथे श्वास घ्यायला जागा आहे.

निखिल_डोंबिवली

शाईवालेदादा, मग इतक्या प्रती अशा का? तपासणी नव्हती का?

शाईवाला

त्या काळातल्या तिथल्या कारखान्याबद्दल जाणकार सांगतील. पण धंद्याचं गणित कुठेही सारखंच. स्वस्त माल, प्रचंड प्रती, मशीन थांबवणं परवडत नाही. वाचता येतंय ना, मग जाऊ दे.

मृण्मयी_एडिसन

हो, तसंच होतं. अमेरिकेतली बहुतेक कॉमिक्स तेव्हा इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा नावाच्या लहानशा गावात, वर्ल्ड कलर प्रेसच्या कारखान्यात छापली जायची. आतली पानं वर्तमानपत्री कागदावर, लेटरप्रेसने. हल्क १८१ ची किंमत पंचवीस सेंट होती. औषधाच्या दुकानात, किराण्याच्या दुकानात फिरत्या स्टँडवर लागणारी वस्तू, महिनाभराने परत जाणारी. पन्नास वर्षांनी कुणी तिची कड भिंगातून बघेल असं मशीनवरच्या माणसाला कशाला वाटेल?

गोदाकाठ

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

तिकीटकाका

मी टपाल तिकिटं जमवतो, कॉमिक्समधलं फार कळत नाही. पण आमच्याकडे ही चर्चा फार जुनी आहे. छिद्रांच्या चारही ओळींपासून चित्र सारख्या अंतरावर आहे का, हे तिकिटाचा दर्जा ठरवताना पहिल्यांदा बघितलं जातं. न वापरलेलं, डिंक शाबूत असलेलं तिकीटही चित्र एका कडेला गेलेलं असेल तर खालच्या दर्जाचं ठरतं. टपाल खात्याची चूक की मालकाची, हे कुणी विचारत नाही.

आणि दुसरी बाजूही आहे. चूक पुरेशी मोठी असेल तर तेच तिकीट अमोल होतं. अमेरिकेचं १९१८ चं उलट्या विमानाचं चोवीस सेंटचं तिकीट सगळ्यांना माहीत आहे, शंभर तिकिटांचा एकच ताव बाहेर आला होता. आपल्याकडे १८५४ चं चार आण्यांचं तिकीट आहे, राणीचं डोकं उलटं छापलेलं. मग कॉमिक्समध्ये तिरकं कव्हर दुर्मीळ म्हणून महाग का होत नाही?

दहापैकी_दहा

काका, कारण तिरकं कव्हर दुर्मीळ नाही. ढिगाने आहेत.

अक्षरा_ना

तिकीटकाका, कॉमिक्समध्येही तुमच्यासारखं होतं, फक्त चूक ठळक आणि वेगळी असावी लागते. १९९३ च्या ‘व्हेनम: लीथल प्रोटेक्टर’च्या पहिल्या अंकाचं कव्हर लाल चमकीचं. त्यातल्या काही प्रतींवर छपाईच्या चुकीने कव्हर काळंच राहिलं, आणि त्या काळ्या प्रतीला आज लाल प्रतीच्या कित्येक पट भाव आहे. दोन कव्हरं लागलेल्या प्रतींचंही तसंच. पिन मारताना एकावर एक दोन कव्हरं गेली की बाहेरचं सगळा मार खातं आणि आतलं नवंकोरं राहतं. असली प्रत मिळाली की लोक खूश.

म्हणजे दोष नेमका काय करतो यावर सगळं अवलंबून. दुसरं कव्हर मूळ चित्राचं रक्षण करतं, काळं कव्हर नवीन चित्रच देतं. तिरकं कव्हर मात्र चित्रकाराने आखलेली चौकट मोडतं आणि बदल्यात काही देत नाही.

निखिल_डोंबिवली

दोन कव्हरं म्हणजे आमच्या आजीची पद्धत. पुस्तकाला खाकी कव्हर आणि त्यावर परत वर्तमानपत्राचं. आजी असती तर सगळे अंक ९.८ राहिले असते. 😀

मृण्मयी_एडिसन

😀 आजीला ग्रेडर म्हणून घ्यायला हवं होतं.

कव्हरवेडा

अक्षराताई, “बदल्यात काही देत नाही” हे मला सापडत नव्हतं, तुम्ही बरोबर पकडलंत.

वेताळगुहा

थोडं घरच्या अंगणात येऊ या का? माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्स आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून सुरू केली, १९९० मध्ये बंद पडली. त्यांच्यातही छापखान्याचे दोष भरपूर. एका मराठी वेताळ अंकात लाल रंग इतका खाली सरकलाय की डायनाच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाय आणि ओठ कोरेच राहिलेत. त्याच पानावर वेताळाच्या कवटीच्या अंगठीभोवती पिवळ्या रंगाची दुसरी अंगठी दिसते.

मला तो अंक प्रिय आहे. पण कुणी एखादी नेमक्या रंगांची प्रत समोर ठेवली तर मी तीच विकत घेईन, हेही तितकंच खरं. आपल्याकडे उत्तम स्थितीतले इंद्रजाल इतके कमी मिळतात की मधोमध बसलंय का हे विचारायची वेळच येत नाही. कव्हर आहे, मधलं पान आहे, शब्दकोडं सोडवलेलं नाही, एवढं जुळलं तरी दिवाळी.

शाईवाला

वेताळगुहा, याला आम्ही रजिस्टर हलणं म्हणतो. चार रंग चार वेळा बसतात, एकाची प्लेट हलली की असं. ते एकाच अंकात एका पानावर असेल आणि पुढच्या पानावर नसेल, कारण ती पानं वेगळ्या फर्म्यात असतात.

गोदाकाठ

माझ्या वडिलांनी सगळे इंद्रजाल दहा-दहाचे गठ्ठे करून बाइंड करून घेतले होते. बाइंडरने तिन्ही कडा कापून सरळ केल्या. हा छापखान्याचा दोष धरायचा का?

वेताळगुहा

नाही हो. छापखान्यातून बाहेर पडल्यावर जे झालं ते सगळं हाताळणीच्या खात्यात, मग ते कितीही प्रेमाने केलेलं असो. पण ते गठ्ठे मोडू नका. त्या काळात तसे बाइंड केले म्हणून तर ते अंक रद्दीत गेले नाहीत.

खडूसवाचक

सगळे तिरक्या कव्हरवर घसरलेत, म्हणून उलट बाजू मांडतो. मला छापखान्याचे दोष आवडतात, आणि त्याला कारण आहे.

१९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९६० च्या सुरुवातीपर्यंतच्या मार्व्हलच्या अंकांची उजवी कड बघा. तिथे बारीक बारीक तुकडे उडालेले असतात, नखाने कुरतडल्यासारखे. लोक त्याला मार्व्हल चिपिंग म्हणतात. कटिंगचं पाते बोथट झालेलं असायचं, ते गठ्ठा कापायच्या ऐवजी कव्हरचा कागद फाडत जायचं. कधी तुकडा पडलेला नसतो, पण कडेलगत तुटण्याच्या रेषा दिसतात. डब्यात बंद व्हायच्या आधी अशी प्रत नुसती हातात धरली तरी एखादा तुकडा निसटतो. ‘अमेझिंग फँटसी’ १५, ऑगस्ट १९६२, स्पायडरमॅनचा पहिला अंक. त्याच्याही कितीतरी प्रतींना हा रोग आहे. ९.६ ची एक प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये हेरिटेजच्या लिलावात ३६ लाख डॉलरला गेली. एवढ्या वरच्या ग्रेडला पोचलेल्या प्रती का इतक्या थोड्या, याचं एक कारण ते बोथट पातेसुद्धा आहे.

आता माझं कारण. कडेचे तुकडे उडालेले दिसले की मला खात्री असते की ही कड नंतर कुणी कापलेली नाही. चिपिंग लपवायला कड एक-दीड मिलिमीटर कापून सरळ करायची, हा जुना धंदा आहे. सीजीसीला ते सापडलं तर जांभळं लेबल, म्हणजे दुरुस्ती केलेली प्रत, आणि भाव कोसळला. १९६१ च्या अंकाची उजवी कड आरशासारखी गुळगुळीत दिसली तर मी आनंदी होत नाही, मोजपट्टी काढतो.

मृण्मयी_एडिसन

हे फार महत्त्वाचं आहे, आणि तिरक्या कव्हरलाही लागू पडतं. कव्हरवेडा, प्रेसिंग (अंक दाबून सपाट करणं) करणारे काही लोक पांढरी पट्टी मागे ढकलून देतात. ओलसर उष्णता देऊन कणा किंचित मागे गुंडाळतात, पट्टी मागच्या बाजूला जाते, चित्र मधोमध आल्यासारखं वाटतं. पण शाईवाले दादा म्हणाले तसं, कटिंग आधीच झालेलं असतं. त्यामुळे पुढचं कव्हर डावीकडे सरकलं की उजवीकडे आतली पानं कव्हरच्या बाहेर डोकावायला लागतात, पायरीसारखी. जास्त उष्णतेने कव्हर आखडलं तरी असंच दिसतं. माझ्याकडे अशी एक प्रत एका विक्रेत्याकडून आली होती, लेबल निळं (म्हणजे दुरुस्तीची नोंद नाही), ग्रेड उत्तम, आणि उजव्या कडेला पिवळट पानांची झालर. मी ती परत केली. त्यापेक्षा तिरकी पण हात न लावलेली प्रत मी कधीही घेईन.

शाईवाला

सेंटर पिनच्या पुस्तकात तिन्ही कडा एका दमात कापल्या जातात, कव्हर आणि पानं एकाच रेषेत यायला हवीत. पानं बाहेर दिसत असतील तर कापल्यानंतर कुणीतरी काहीतरी केलंय किंवा कागद आखडलाय. तिसरं कारण मला दिसत नाही.

दहापैकी_दहा

हे सगळं ठीक. पण ९.४ म्हणजे ९.४. कंपनीने तो दोष बघूनच आकडा दिलाय ना? मग आपण त्याच दोषाचे मार्क पुन्हा का कापायचे?

खडूसवाचक

सीजीसीची व्याख्या वाच मित्रा. १०.० म्हणजे छपाईचा किंवा हाताळणीचा कुठलाही दोष नाही. पण ९.८ लाच दोन्ही प्रकारचे नगण्य दोष चालतात, आणि ९.६ ला किरकोळ दोष अनेक असले तरी चालतात. आता तिरकं कव्हर किरकोळ की नाही, हे कोण ठरवणार? व्यवहारात वर्षानुवर्षं असं दिसतंय की ताणरेघेला मार्क जातात, तिरकेपणाला फारसे जात नाहीत. खेळाडूंची वगैरे कार्डं जमवणारे लोक इकडे आले की सगळ्यात आधी याचंच नवल करतात, कारण तिकडे चित्र मधोमध असणं हा ग्रेडचाच भाग आहे.

मी हे चूक म्हणत नाही. अंक कसा वापरला गेला हे मोजायला ही ग्रेडची मोजपट्टी बनली. पण तुला आवडेल की नाही, हे मोजायचं काम तिच्यावर टाकू नकोस.

दहापैकी_दहा

तरीही विकताना आकडाच बोलतो. माझा मुद्दा तिथेच आहे.

अक्षरा_ना

विकायचं असेल तर हो. कव्हरवेडा यांनी पहिल्या पोस्टमध्ये विकायचं कुठे म्हटलंय?

गोदाकाठ

जरा वेगळा प्रश्न. जुन्या अंकांच्या वरच्या कडेला कधी कधी लाल-निळ्या शाईचा फवारा दिसतो. हा कशाचा दोष?

मृण्मयी_एडिसन

तो छापखान्याचा नाही, वितरकाचा. परतीचे गठ्ठे चटकन ओळखता यावेत म्हणून गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर रंग मारायचे. कव्हरवर पेन्सिलने लिहिलेली तारीख दिसली तर ती दुकानदाराची, अंक कधी आला त्याची. मला अशी तारीख असलेली प्रत आवडते. त्या अंकाने स्टँडवर जागा मिळवली तो दिवस कळतो.

निखिल_डोंबिवली

म्हणजे कारखान्याचा दोष नको, वितरकाचा चालेल, दुकानदाराचा आवडतो! ताईंचं गणित कळलं. 😀

मृण्मयी_एडिसन

निखिल, अगदी तसंच आहे, आणि मला ते विसंगत वाटत नाही. पेन्सिलची तारीख चित्राला धक्का लावत नाही. वरच्या कडेचा फवारा डब्यात दिसतही नाही. तिरकं कव्हर प्रत्येक वेळी नजरेसमोर येतं.

तिकीटकाका

हे पटलं. आमच्याकडेही हलका शिक्का एका कोपऱ्यात पडलेला असेल तर चालतो, चेहऱ्यावर पडलेला चालत नाही.

खडूसवाचक

कव्हरवेडा, मूळ प्रश्नाकडे येतो. मी ९.० घेईन, पण एका अटीवर. तो मधोमध जन्मापासून आहे याची खात्री करा. डब्याच्या उजव्या कडेचा जवळून फोटो मागा आणि मागच्या कव्हरचा पूर्ण फोटो मागा. मागे कण्यालगत पुढच्या कव्हरचा रंग वळून आलेला दिसला आणि उजवीकडे पानं डोकावत असली, तर ती सरकवलेली प्रत आहे. आणि लेबलवर हल्क १८१ च्या आतला मार्व्हल व्हॅल्यू स्टँप (कापून जमवायला छापलेलं छोटं चित्र) कापल्याची नोंद नाही ना, तेही बघा. शॅना द शी-डेव्हिलचा तो स्टँप मुलांनी कात्रीने कापून वहीत चिकटवलेला असतो, त्यामुळे मधोमध बसलेल्या कव्हरच्या आत भोक निघू शकतं.

कव्हरवेडा

दोन्ही फोटो मागवले होते, आत्ता आले. ९.० ची उजवी कड सरळ, पानं कव्हरच्या आत, मागे कण्यालगत पांढरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच बारीक. लेबल निळं, स्टँपबद्दल काही नोंद नाही. पानांचा रंग ‘ऑफ-व्हाइट टू व्हाइट’.

९.० घेतोय. दहापैकी_दहा, तुमचा मुद्दा कळला, पण हा अंक माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर राहणार आहे आणि मी त्याच्याकडे रोज बघणार आहे.

दहापैकी_दहा

मग ९.० च घ्या. आणि ९.४ चा दुवा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी बघतो.

शाईवाला

भिंतीवर लावणार असाल तर उन्हाची भिंत टाळा. जुन्या शाईतला लाल आणि पिवळा आधी उडतो, डब्याचं प्लास्टिक त्याला पूर्ण थांबवत नाही. उत्तरेकडच्या खिडकीची खोली असेल तर तिथे लावा, आणि ट्यूबलाइटच्या अगदी खाली नको.